ताटावरचीं बोलणीं

मुलगा ताटावर बसला कीं त्याच्या परीक्षेतील गुणांचा हिशेब काढावयाचा, ही पद्धत पुष्कळ सुशिक्षित घरांतून आम्हीं पाहिली आहे. मग तो नीट जेवत नाहीं म्हणून पुन्हा रागें भरावयाचें! मौनानें जेवण्याची जुनी चाल मात्र आम्हीं हंसण्यावारी नेली.

हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन यांनीं १८९७ च्या सुमारास मांजरांना बिस्मथ कालविलेलें अन्न घालून क्ष-किरणांनीं त्यांचें जठर पाहिलें. अन्न घुसळणाऱ्या लाटा नियमानें चालत. पण मांजर बिथरलें कीं त्या थांबत, शांत झालें म्हणजे पुन्हा सुरू होत. मेंदूपासून उतरणारा व्हेगस हा मज्जातंतु जठराची हालचाल व पाचकरस वाढवितो. राग-भयाच्या वेळीं चेतणारे दुसऱ्या जातीचे तंतु ती हालचाल रोखतात.

आंतड्याचें तर नवलच आहे. मज्जातंतूंचें जाळें त्याच्या भिंतींतच विणलेलें असतें. बाहेरून येणारे तंतु तोडले तरी आंतडें घांसाच्या मागें आकुंचन पावतें, पुढें सैल पडतें व घांस सरकवितें, हें बेलिस व स्टार्लिंग यांनीं १८९९ सालीं दाखविलें. घरांतील जाणती बाई कोणाच्या हुकुमावांचून स्वयंपाकघर चालविते, तसेंच हें. परंतु ओटीवरून दरडावणी ऐकूं आली कीं तिचाही हात थबकतो. कॅनन यांनीं पुढें आंतड्याकडे पाहिलें तेव्हां चिडलेल्या मांजराचें तेंही निश्चल झालेलें दिसलें. ‘भूक नाहीं’ असें सांगून उठणारा मुलगा पुष्कळदां खरेंच बोलत असतो.