अ‍ॅव्हरेज कोणत्या ऋतूतले?

मा. संपादक यांस,


टर्बो बसविलेल्या नव्या मोटारी कागदावर लिहिलेले अ‍ॅव्हरेज देत नाहीत याचा सारा दोष चालकाच्या जड पायाकडे जातो, असा निवाडा आपल्या एका पत्रलेखकाने गेल्या मंगळवारच्या अंकात ज्या आत्मविश्वासाने दिला आहे, तो वाचल्यानंतर, अशीच एक मोटार बाळगणाऱ्या आणि पेट्रोलपंपावर तिचा हिशेब निमूटपणे चुकता करणाऱ्या माझ्यासारख्या नागपूरच्या धंतोलीकराला मौन बाळगणे अशक्य झाले. सदर गृहस्थांनी चालकाचा पाय तपासला. कागद तपासण्याची तसदी मात्र घेतली नाही.

मोटारींची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या 'एआरएआय'चे नाव घेऊन शोरूममध्ये जो आकडा ऐकविला जातो, तो रस्त्यावर जन्मलेला नाही. मोटार रोलरवर उभी करून, २० ते ३० अंश तापमानाच्या बंदिस्त दालनात, एसी बंद ठेवून, ठरीव चक्रानुसार ती चालविली जाते. त्या चक्राच्या शहरी भागात शून्यावरून ताशी ५० किलोमीटरवर पोहोचण्यास तिला २६ सेकंदांची सवलत असते, आणि शहराबाहेरच्या भागातही काटा ९० च्या पुढे सरकत नाही. लोकमत चौकात दिवा हिरवा झाल्यावर २६ सेकंद घेऊन पन्नासपर्यंत जाणारा आणि मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या न खाता सुटलेला इसम कोणी पाहिला असेल, तर त्याचा सत्कार मी स्वखर्चाने करीन. मे महिन्यात पारा ४५ अंशांची वेस ओलांडतो तेव्हा या शहरात एसी बंद ठेवून गाडी हाकणे हा मितव्यय नव्हे, आत्मक्लेश आहे. आणि आमच्या दारातून निघणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर सरकारनेच ताशी १२० ची मुभा दिलेली असताना ९० वर थांबलेली परीक्षा कोणत्या प्रवासाची ग्वाही देते?

हे तर सर्वच मोटारींना लागू आहे, मग टर्बोचेच निराळे गाऱ्हाणे कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की, टर्बोची सारी किमया भारावर अवलंबून आहे. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्री मिनिटाला लाखावर फेरे घेते, बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि मग हजार घनसेंटिमीटरचे चिमुकले इंजिन दीड हजाराच्या इंजिनासारखे ओढू लागते. परंतु अधिक हवा आली की त्या प्रमाणात अधिक पेट्रोलही आलेच. बचत होते ती चक्रीला फारसे काम नसते तेव्हा, आणि परीक्षेतले ते सौम्य चक्र तिला फारसे काम देतच नाही. उलट चार माणसे, त्यांचे सामान, एसी आणि भट्टीतून आल्यासारखी हवा अशी स्थिती झाली, की इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून यंत्रणा ठिणगी मागे खेचते, जोर फारच वाढला तर उष्णता उतरविण्यासाठी जादा पेट्रोलही फवारते. आणि त्यात चालकाचा अपराध काय, हे सदर गृहस्थच जाणोत. ही छोटी इंजिने तरी आम्ही मागितली होती काय? १२०० घनसेंटिमीटर आणि चार मीटर या मर्यादेच्या आत बसणाऱ्या पेट्रोल मोटारीवर १८ टक्के जीएसटी आणि बाहेरच्यांवर ४० टक्के, असे फर्मान सप्टेंबर २०२५ पासून अमलात आहे. कारखानदार त्या मापाबरहुकूमच इंजिन बेतणार.

हा केवळ माझ्या खिशाचा प्रश्न नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; म्हणजे लिटरला २० किलोमीटर देणारी मोटार दर किलोमीटरला ११५ ग्रॅम सोडते, आणि तीच १२ वर उतरली की १९० ग्रॅमच्या वर जाते. कंपन्यांच्या गाड्यांची सरासरी ११३ ग्रॅमच्या आसपास राखण्याचा जो सरकारी दंडक आहे, त्याची रुजवात मात्र त्या थंड दालनातल्या आकड्यांवरूनच होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोलावरून केवढे वादंग माजले, आणि मंत्रालयाने कबूल केलेली अ‍ॅव्हरेजमधली घट होती एक ते सहा टक्क्यांची! वीसचे बारा होणे म्हणजे ४० टक्क्यांची तूट, आणि तिच्याबद्दल सरकारदरबारी कोणालाही खुलासा मागितला जात नाही. ज्या युरोपीय चक्रावरून आपले चक्र बेतले, ते युरोपने २०१७ पासून मोडीत काढावयास घेतले. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून विषारी वायूंच्या तपासणीसाठी मोटार प्रत्यक्ष रस्त्यावर न्यावी लागते. मग इंधनाचा आकडाच तेवढा दालनात का कोंडून ठेवावा? ४५ अंशांतला, एसी चालू ठेवून मिळालेला आणि १२० च्या वेगावरचा आकडा त्याच अक्षरांत, त्याच फलकावर छापण्याची सक्ती झाली पाहिजे.

जाता जाता पीयूसीविषयी. परवाच आमच्या मोटारीचा दाखला नव्याने घेतला. गाडी जागेवर उभी, इंजिन संथ घुरघुरत असलेले, टर्बो जवळजवळ निद्रिस्त, आणि नळीत नळी घालून काही क्षणांत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे आकडे उमटले. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांविषयी ज्यांची खरी चिंता वाहावी, त्या सूक्ष्म कणांना आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांना पेट्रोल मोटारीच्या त्या कागदावर रकानाच नाही. आमच्या धंतोलीत गल्लोगल्ली रुग्णालये आहेत, जागेच्या टंचाईमुळे रुग्णांच्या नातलगांच्या मोटारी इंजिने चालू ठेवून दुतर्फा खोळंबलेल्या असतात, आणि येथील पार्किंगची कैफियत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचूनही आजतागायत मिटलेली नाही. परिवहन खात्याने निदान एवढे करावे, की नव्या मोटारींच्या दाखल्यात त्या दोन रकान्यांची भर घालावी आणि ते भरण्याची साधने केंद्रांना पुरवावीत.

आपला,
एक मोटारमालक
धंतोली, नागपूर