आपल्या आकाशाची मोजदाद

अग्निबाण झेपावला की देश टाळ्या वाजवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून आकाशात सोडल्या जाणाऱ्या अवाढव्य फुग्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक तीस-पस्तीस किलोमीटर उंचीवर, जेथे प्रवासी विमान पोहोचत नाही आणि उपग्रह टिकू शकत नाही, तेथे तासन् तास राहून हवेची परीक्षा करणारे दुसरे साधन नाही.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने जर्मन संस्थेच्या सहकार्याने १९८७ व १९९० मध्ये अशी उड्डाणे केली. द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या निर्वात पोलादी नळ्या ठरावीक उंचीवर उघडल्या जात. उणे २४६ अंशांच्या थंडीत आत शिरलेली हवा तत्काळ गोठे, झडप मिटे आणि तो नमुना प्रयोगशाळेत तपासला जाई. शीतकपाटांतून सुटलेला जो वायू जमिनीलगतही सुमारे दोन अब्ज रेणूंत जेमतेम एक असतो, त्याची ही मोजदाद होती. विश्वकिरणांमुळे निर्माण होणारे आयनही भारतीय शास्त्रज्ञांनी फुग्यांवरील उपकरणांनी मोजले.

याचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. जमिनीवरचे वायू उष्ण कटिबंधातूनच स्थितांबरात चढतात आणि तेथून ध्रुवांकडे पसरतात. १९८५ मध्ये जगासमोर आलेले अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र ज्या वायूंमुळे पडले, त्यांचे महाद्वार आपल्या माथ्यावर आहे. हे वायू मुख्यत्वे श्रीमंत देशांनी सोडले. म्हणूनच १९८७ च्या माँट्रियल करारात भारत लगेच सामील झाला नाही. विकसनशील देशांसाठी निधीची तरतूद १९९० मध्ये लंडन येथे मान्य झाली आणि १९९२ मध्ये भारत करारात आला.

न्याय्य वाटा मागण्यासाठी नैतिक बळ हवे, तसे स्वतःचे आकडेही हवेत. ज्या देशाने आपले आकाश मोजले नाही, त्याला वाटाघाटीच्या मेजावर दुसऱ्याने मोजलेले मुकाट्याने स्वीकारावे लागते. आज हवामानविषयक वाटाघाटींतही हाच प्रश्न उभा आहे.

अशा कामाला प्रसिद्धी नसते. वर्षानुवर्षांची चिकाटी मात्र लागते. घरातील बुद्धिमान मुलाने मोठ्या पगाराऐवजी ही वाट निवडली, तर त्याला परावृत्त करू नये. राष्ट्र केवळ पराक्रमाने उभे राहत नाही. नेमक्या नोंदींनीही उभे राहते.