‘परत फिरू या’ म्हणणारा

डोंगरात भटकणाऱ्या प्रत्येक टोळक्यात काही माणसे ठरलेली असतात. एक पुढारी, एक विनोदवीर, एक खाण्यापिण्याचे पाहणारा आणि एक सतत मागे रेंगाळणारा. या सगळ्यांचे किस्से पुढे वर्षानुवर्षे चहाबरोबर रंगवून सांगितले जातात. ‘परत फिरू या’ म्हणणाऱ्याचा किस्सा मात्र कोणी सांगत नाही. सांगण्यासारखे त्यात काही घडलेलेच नसते. आज मी त्याच माणसाविषयी लिहिणार आहे. कारण दोन हिवाळ्यांपूर्वी गुलमर्गला त्याला हसणाऱ्यांत मी स्वतः होतो.

आम्ही तिघे कॉलेजपासूनचे मित्र. उमेदीची वर्षे सह्याद्रीत घालवली आणि चाळिशी उलटल्यावर, गुडघे कुरकुरू लागण्याच्या बेतात असताना, आम्हाला स्कीइंगचे वेड लागले. गुलमर्गच्या सोप्या उतारांवर दोन हिवाळे धडपडल्यावर तिसऱ्या खेपेला वाटू लागले, की आता ‘बाहेर’ जायला हरकत नाही. बाहेर म्हणजे जिथे गस्तीची माणसे असतात, उतार तपासले जातात, त्या राखलेल्या टापूच्या पलीकडचे मोकळे रान. या खेळातले लोक त्याला बॅककंट्री म्हणतात. बरोबर माझा बावीस वर्षांचा भाचा होता. आमच्या पायांत दोन-दोन स्की, तर त्याच्या दोन्ही पायांना मिळून एकच फळी, स्नोबोर्ड. शिवाय एक काश्मिरी वाटाड्या, वयाने आमच्याच बरोबरीचा.

गुलमर्गचा गंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा, हे मोठे मोहाचे साधन आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ साली. तो अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ तेरा हजार फुटांवर, माणसाला नेऊन सोडतो. घाम न गाळता मिळालेली ही उंची फसवी असते. पायी चढताना डोंगर हळूहळू कळत जातो. पाळण्यातून उतरलेल्याला त्याची काहीच ओळख झालेली नसते.

सकाळी नून चहा घेताना वाटाड्याने एक नियम सांगितला होता. वर गेल्यावर कोणीही एकाने ‘नको’ म्हटले, की ते सगळ्यांचे ‘नको’. कारण विचारायचे नाही. आम्ही जोरजोरात माना डोलावल्या. खाली, शेगडीजवळ बसून माना डोलवायला काय जाते?

वर पोहोचलो तेव्हा लख्ख ऊन होते. माथ्याच्या कडेने अर्धा तास चालून एका रुंद घळीच्या तोंडाशी आलो, आणि पलीकडून धुके आले. सह्याद्रीतले धुके आम्हाला नवे नव्हते. पण तिथे धुक्यात निदान पायाखालचे गवत दिसते, कातळ दिसतो. बर्फावरच्या धुक्यात खालचे पांढरे आणि वरचे पांढरे एक होते. क्षितिज नाही, सावली नाही, उंचसखल नाही. आपण उभे आहोत की घसरतो आहोत, हेही कळेनासे होते, काहींना मळमळते. वाटाड्या बर्फाचा गोळा करून पुढे टाकायचा आणि तो कुठे पडतो ते पाहायचा. दहा पावलांवर टाकलेला एक गोळा पडलेला दिसलाच नाही.

तेव्हा भाचा म्हणाला, ‘‘मामा, मला हे ठीक वाटत नाहीये. परत जाऊ या का?’’

यावर आम्ही काय केले? हसलो. एक मित्र म्हणाला, ‘‘अरे, तुझ्या वयात आम्ही पावसाळी रात्री किल्ले चढायचो.’’ दुसऱ्याने तिकिटाचे पैसे मोजून दाखवले. मी म्हणालो, ‘‘जरा थांबू, धुकं निघेल.’’ खरे सांगायचे तर पोटात माझ्याही गोळा आला होता. पण ते पहिल्यांदा बोलण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, आणि दुसऱ्याने बोलून दाखवले तेव्हा त्याला दुजोरा देण्याचेही नव्हते. वाटाड्याने मात्र एक शब्द न बोलता स्की काढून खांद्यावर घेतल्या आणि आल्या वाटेने चालू लागला. नियम म्हणजे नियम. पाळण्याच्या स्थानकावर फोटो काढणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीतून आम्ही स्की खांद्यावर घेऊन परत खाली गेलो. ती शरम अजून आठवते.

आता थोडे धुक्याचे शास्त्र सांगतो, म्हणजे भाच्याचे म्हणणे किती मोलाचे होते ते कळेल. हिमस्खलने बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्की करायला मजा येते ते उतारही नेमके तेच. त्यांत सापडून जीव जातात तेव्हा बहुतेक वेळा तो बर्फ त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनानेच सुटलेला असतो. म्हणून रीत अशी, की उतारावर एका वेळी एकानेच जायचे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवायची. तो गाडला गेला, तर शेवटचा कुठे दिसला हे सांगायला कोणीतरी हवे. प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे छोटे यंत्र, पाठीवर लांब सळई आणि फावडे असते. ही हत्यारे स्वतःसाठी नसतात, मित्रासाठी असतात. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांचा जो अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ वाचतात. पस्तीस मिनिटांनंतर दहांपैकी जेमतेम तीन. अलीकडच्या अभ्यासाने तर ती पहिली मुदत दहा मिनिटांवर आणली आहे. इतक्या वेळात खालून मदत येत नसते. वाचवणारा म्हणजे शेजारचा मित्रच. आणि धुक्यात नेमके तेच नाहीसे होते, मित्राची नजर. वरचा उतार दिसत नाही, खालचा दिसत नाही, आपला माणूस दिसत नाही. उरतो फक्त त्याचा आवाज, आणि तोही आम्ही हसून बंद करत होतो.

हे अडाण्यांचेच होते असे समजू नका. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पास येथे सोळा जणांचा मेळा टनेल क्रीक नावाच्या उतारावर गेला. त्यांत या क्षेत्रातली नावाजलेली माणसे होती. हिमस्खलनात तिघे गेले. नंतर वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले, की इतके जण एकत्र जाणे आपल्याला खटकले होते, पण एवढ्या जाणत्यांपुढे आपण काय बोलायचे म्हणून गप्प राहिलो. इयन मॅक्कॅमन या अमेरिकी अभ्यासकाने हिमस्खलनाच्या शेकडो अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्यालाही दिसले, की धोक्याच्या खुणा समोर असताना, त्या ओळखण्याचे शिक्षण घेतलेली माणसेही पुढे गेली. ओळखीची जागा, चारचौघांत मान राखण्याची इच्छा, ठरवले ते तडीस नेण्याचा हट्ट आणि ‘त्याला कळते’ असा दुसऱ्यावरचा विश्वास, ही त्याने दाखवलेली काही कारणे.

गुलमर्गचाही इतिहास हेच सांगतो. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराचे सतरा जवान मृत्युमुखी पडले. ते पर्वतयुद्धाच्या प्रशिक्षणासाठीच तिथे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले, पुढच्याच वर्षी एक रशियन. डोंगर कोणाचे प्रमाणपत्र तपासत नाही.

मग आपण बोलत का नाही? मला वाटते, ‘माघार’ या शब्दाशीच आपले भांडण आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी आपल्या किल्ल्यांवर लोटणारी गर्दी पाहा. धुक्यात कडा दिसत नसतो, पायऱ्यांवरून पाणी वाहत असते, तरी पायथ्यावरून परतलेला तरुण सोमवारी ऑफिसात तोंड लपवतो. ज्या राजाच्या नावाने आपण ते किल्ले चढतो, त्याने १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन बारा राखले होते. कधी मागे सरायचे, हे त्याला कळत होते. आपण त्याचे चढणे तेवढे घेतले.

कोणी म्हणेल, असे घाबरून राहिले तर साहस करायचे कोणी? प्रश्न रास्त आहे. पोरांना घरात कोंडावे या मताचा मी नाही, आणि येत्या हिवाळ्यात मी पुन्हा जाणार आहे. माझे म्हणणे एवढेच, की नकाराचा अधिकार निघण्यापूर्वी वाटून घ्यावा. सर्वांत नवख्याला आधी बोलू द्यावे, पुढाऱ्याने शेवटी बोलावे. ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नये, आणि परतल्यावर त्याची थट्टा तर मुळीच करू नये. कारण एकदा थट्टा झाली, की पुढच्या वेळी तो गप्प राहील, आणि ती पुढची वेळ कोणती असेल हे कोणी सांगावे?

त्या दिवशी त्या घळीत काहीही कोसळले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तासाभराने धुके निवळले आणि दुसरी एक तुकडी तिथून सुखरूप उतरलीही. जेवताना माझे मित्र म्हणालेच, ‘‘बघ, उगाच परत आलो.’’ माघारीचे हेच दुर्दैव आहे. ती बरोबर होती असा दाखला कधी मिळत नाही. उलट, धोक्यातून सहीसलामत सुटलेल्याला वाटते, आपला अंदाज अचूक होता. आणि तोच अंदाज घेऊन तो पुढच्या उतारावर उभा राहतो.

रात्री भाचा हळूच म्हणाला, ‘‘मामा, सॉरी. माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया गेला.’’ मी नुसते ‘‘असू दे रे’’ म्हणालो. जणू मीच त्याला माफ करत होतो! त्याचे आभार मानायचे तेव्हा सुचले नाही. म्हटले, रविवारच्या पुरवणीतून मानावेत. घरातले सगळे वाचतात.