शंभर उठाबशा : शिस्त की इजा?



काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा वडिलांचा हात धरून माझ्याकडे आला. मांड्या इतक्या दुखत होत्या की त्याला खुर्चीत बसता येईना. "ताप नाय, कुठं पडला पण नाय," वडील सांगत होते. मी लघवीचा रंग विचारला. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "कोऱ्या चहासारखी होते." मग हळूहळू खरे बाहेर आले. दोन दिवसांपूर्वी शाळेत उशीर झाला म्हणून त्याने दीडशेवर उठाबशा काढल्या होत्या.

त्याला सलाईन लावून मोठ्या रुग्णालयात पाठवले. सुदैवाने तो बरा झाला. वडील मला म्हणाले, "डॉक्टर, शाळेत काय कळवू नका. पोराचं नाव काढून टाकतील." मी त्यांचे ऐकले आणि गप्प बसलो. ती माझी चूक होती. आज ती चूक कबूल करूनच हा लेख लिहितो आहे.

उठाबशांनी शरीरात काय होते?

सवय नसताना एकाच स्नायूवर अचानक फार ताण आला तर स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात मिसळतो आणि लघवीचा रंग गडद तपकिरी होतो. या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. मायोग्लोबिन फार झाले आणि अंगात पाणी कमी असले, तर किडनी काम करणे थांबवू शकते. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. त्रास बहुधा एक ते तीन दिवसांनी दिसतो. तोपर्यंत शिक्षा करणारा ती विसरूनही गेलेला असतो.

हे फक्त पुस्तकातले नाही. २०१७ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात आठवीतल्या मुलीला ५०० उठाबशांची शिक्षा दिल्याचे प्रकरण गाजले. तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसईच्या एका शाळेत, उशिरा आलेल्या सहावीच्या मुलीला १०० उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. त्या मृत्यूचे कारण ठरवणे तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. पण एक गोष्ट डॉक्टर म्हणून मी ठामपणे सांगतो : मुलाला तपासल्याशिवाय त्याच्या शरीराला शंभर उठाबशा झेपतील असे कोणीही म्हणू शकत नाही.

"आधीपासूनच आजार असेल"

असे काही घडले की हे वाक्य हमखास ऐकू येते. जणू आजारी मुलाची चूक झाली! आपल्या जव्हार-मोखाड्यातल्या वर्गात कोणती मुले बसतात ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. आपल्याकडच्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. अशा मुलाला अतिश्रम आणि पाण्याची कमतरता यांनी असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. बरीच मुले सकाळी कोरा चहा पिऊन निघतात आणि दुपारच्या खिचडीपर्यंत पोटात काही नसते. कुपोषणासाठी ज्या तालुक्यांचे नाव वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येते, तिथे मुलाला आधीपासून काहीतरी असणार हे गृहीतच धरले पाहिजे. तो शिक्षेचा बचाव होऊ शकत नाही. शिक्षा न करण्याचे ते पहिले कारण आहे.

आधी निदान, मग उपचार

माझ्याकडे खोकला घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी न तपासता एकच इंजेक्शन टोचले तर तुम्ही मला डॉक्टर म्हणाल का? मग उशीर झालेल्या प्रत्येक मुलाला एकच शिक्षा कशी? एका मुलीला उशीर होतो कारण विहीर आटली आहे आणि हंडे भरल्याशिवाय तिला घर सोडता येत नाही. दुसऱ्याची एसटी चुकते. तिसऱ्याचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेत आणि धाकट्या भावंडांचे सगळे त्यालाच करावे लागते. चौथा मात्र खरोखर टिवल्याबावल्या करत येतो. या चौघांना एका रांगेत उभे करून उठाबशा काढायला लावल्या, तर चौथ्यालाही शिस्त लागत नाही आणि पहिल्या तिघांची शाळा सुटते.

"आम्हीही मार खाल्ला, म्हणून घडलो," असे मला अनेक जण सांगतात. मीही मार खाल्ला आहे. पण मी मारामुळे शिकलो नाही, मार खाऊनही शिकलो. ज्यांनी त्या भीतीने सातवीतच दप्तर टाकले, ते असे सांगायला येत नाहीत. ते गावात मजुरी करताना दिसतात.

शिक्षकांची बाजूही मला कळते. पट मोठा, माणसे कमी, त्यात शाळेबाहेरची कामे आणि उद्धट मुले. शिस्त हवीच, नियम नसलेली शाळा मुलांना असुरक्षित वाटते. पण थकलेल्या माणसाचा राग म्हणजे नियम नव्हे.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणून नववी-दहावीला मारायला हरकत नाही असे समजू नका. बाल न्याय कायदा, २०१५ हा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा छळले, तर कलम ७५ खाली तुरुंगवास होऊ शकतो. आश्रमशाळेत तर मूल रात्रंदिवस संस्थेच्याच ताब्यात असते.

शाळेने काय करावे?

- नियम एका पानावर, मुलांना कळेल अशा भाषेत लिहून भिंतीवर लावावेत.
- उशीर झाला तर कारण बाजूला घेऊन विचारावे, सगळ्यांसमोर नाही.
- पुन्हा घडले तर पालकांना बोलवावे. बुडालेला अभ्यास त्याच दिवशी करून घ्यावा.
- जेवण, पाणी, लघवीला जाणे आणि खेळ कधीही बंद करू नये.
- उठाबशा, कोंबडा करणे, उन्हात उभे करणे बंद. कानफटात मारणे तर मुळीच नको; त्याने कानाचा पडदा फाटतो.

पालकांनी काय करावे?

"गुरुजी, चुकला तर चार रट्टे द्या," हे वाक्य प्रवेशाच्या दिवशी म्हणू नका. मुलाला सिकलसेल, दमा, फिट किंवा हृदयाचा आजार असेल तर शाळेला लेखी कळवा. शिक्षेनंतर मांड्या सुजल्या, चालता येईना, लघवी तपकिरी झाली किंवा कमी झाली, चक्कर आली, धाप लागली, तर तेल चोळत घरी थांबू नका. जव्हारचे कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना खरे कारण सांगा. तक्रारीसाठी १०९८ हा क्रमांक मोफत आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीला जा, नुसती सही करून परत येऊ नका.

आणि माझ्यापुरते सांगतो. यापुढे असे मूल माझ्याकडे आले तर केसपेपरवर 'अंगदुखी' लिहून मी मोकळा होणार नाही. दुखण्याचे कारणही लिहीन आणि जिथे कळवायचे तिथे कळवीन. मुलाचे नाव शाळेतून काढण्याची भाषा कोणी केलीच, तर पालकांसोबत मी स्वतः शाळेत येईन.