विश्लेषण : सेप्टिक टँकमधले पाणी जाते कुठे? कोकणच्या जांभ्यात विहिरीला धोका का?

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’तील १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यात देवगड तालुक्यातील विजयदुर्ग आहे. किल्ल्याचे नाव जगभर गेले की पर्यटक वाढणार आणि घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयीही. पण भुयारी गटार नसलेल्या अशा गावात प्रत्येक घराचे सांडपाणी त्याच घराच्या परड्यात मुरते. पिण्याच्या पाण्याची विहीरही अनेकदा त्याच परड्यात असते. म्हणून ही व्यवस्था नेमकी कशी चालते, हे समजून घ्यायला हवे.

सेप्टिक टँक नेमके काय करतो?

टाकीत मैला ‘नाहीसा’ होतो, हा मोठा गैरसमज आहे. टाकीत जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर पडते. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग कुजवतात. त्यासाठी पाणी टाकीत किमान एक-दोन दिवस थांबावे लागते. तरीही बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसते. रोगजंतू त्यात असतातच.

मग शुद्धीकरण कुठे होते?

ते होते मातीत. टाकीनंतरचा शोषखड्डा किंवा छिद्रांच्या पाइपचे चर हे पाणी जमिनीत पसरवतात. मातीचे बारीक कण जंतू अडवतात, कणांभोवतीचे जिवाणू घाण खातात. मात्र त्यासाठी माती कोरडी, हवा खेळती आणि पाण्याचा वेग मंद हवा. थोडक्यात, टाकी निम्मेच काम करते. उरलेले काम जमिनीचे असते.

कोकणात अडचण कुठे येते?

इथला जांभा दगड सच्छिद्र आहे. त्यात भेगा आणि पोकळ्याही असतात. खड्ड्यात पाणी झटपट मुरले की मालक खूश होतो. पण ‘झटपट मुरणे’ याचाच अर्थ मातीला गाळायला वेळ मिळाला नाही. भेगेतून गेलेले पाणी जवळपास जसेच्या तसे पुढे जाते.

दुसरी अडचण पावसाची. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. भूजल वर चढते आणि खड्ड्याचा तळ पाण्यात बुडतो. मग मधली कोरडी माती उरत नाही. विहीर काठोकाठ भरते तेव्हाच ती सर्वांत असुरक्षित असते.

विहिरीपासून किती अंतर हवे?

भारतीय मानक आयएस २४७० नुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर हवा. पण भेगाळ खडकात तेवढे अंतरही पुरेल याची खात्री नसते. खड्डा विहिरीच्या उताराखाली असणेही तितकेच महत्त्वाचे. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे, हेही पाहायला हवे; जमिनीखालच्या पाण्याला गडग्याची हद्द ठाऊक नसते.

पाहुणे वाढले तर काय होते?

साधे गणित पाहू. घरात पाच माणसे, प्रत्येकी १०० लिटर सांडपाणी आणि टाकीत एक हजार लिटर पाण्याची जागा असेल, तर पाणी दोन दिवस थांबते. दहा पाहुणे आले की रोजचे पाणी १,५०० लिटर होते आणि थांबण्याची वेळ १६ तासांवर येते. गाळ साचलेला असेल तर आणखी कमी. मग न कुजलेली घाण खड्ड्यात जाते आणि तो चोंदतो. खोल्या वाढवताना टाकी मात्र तीच ठेवणे, ही चूक इथेच नडते.

टीसीएल पावडर टाकली तर पुरेसे नाही का?

टीसीएलने बहुतेक जिवाणू मरतात, म्हणून ती हवीच. पण मैल्यातून येणारे नायट्रेट तिने जात नाही आणि पाणी उकळूनही कमी होत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळांना जास्त नायट्रेट घातक ठरू शकते. त्यामुळे पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी तपासून घेणे योग्य.

उपाय काय?

– टाकीचा तळ आणि भिंती पक्क्या हव्यात. बिनतळाची ‘टाकी’ म्हणजे नुसता खड्डा.
– जांभ्यात शोषखड्ड्याचा तळ बंद करून भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर द्यावा. मातीचे काम वाळू करते.
– न्हाणीचे पाणी केळी-माडांकडे वळवण्याची जुनी पद्धत चांगलीच आहे. त्याने टाकीवरचा भार कमी होतो.
– दर दोन-तीन वर्षांनी गाळ यंत्राने उपसावा. विषारी वायूमुळे टाकीत उतरणे जीवघेणे आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.
– ॲसिड आणि फिनाइल बेताने वापरावे. टाकीतले जिवाणू त्यानेच मरतात.

पुढे काय?

केंद्राच्या २०१६ च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सिंधुदुर्ग सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत पहिला आला होता. तेव्हाचा प्रश्न घरोघरी शौचालय आहे का, हा होता. आता प्रश्न शौचालयानंतरच्या पाण्याचा आहे. नव्या खोल्यांचा आराखडा काढताना आधी विहिरीपासून फूटपट्टी लावली, तर त्याचे उत्तर खर्च न वाढवताही मिळू शकते. खड्डा एकदा चुकीच्या जागी खणला, की ते सोपे राहत नाही.