सवलत वेळेची मागा, अभ्यासाची नको

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीरदान झाले आणि मंडळी पांगू लागली. एक ताई मात्र खांबाजवळ थांबून होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची चळत. आम्हाला पाहून पुढे आल्या. म्हणाल्या, "जयभीम भाऊ. जरा बघता का? मी पेपर सगळे दिले होते, तरी नापास लिहिलंय."

ताईंचे वय चाळीसच्या घरात. अंगणवाडीत सेविका आहेत. दोन मुले शाळेत, सासूबाई आजारी. बारावी होऊन वीस वर्षे लोटल्यावर त्यांनी मोठ्या हिमतीने बी.ए.ला बाहेरून प्रवेश घेतला. पदवी झाली की मुख्यसेविकेच्या पदासाठी प्रयत्न करायचा, ही मनातली आशा. आम्ही गुणपत्रिका पाहिली. लेखी परीक्षेत गुण चांगले होते. पण असाइनमेंटच्या रकान्यात चार विषयांपुढे शून्य. ताईंनी त्या लिहिल्याच नव्हत्या. "मला कुणी सांगितलंच नाही भाऊ," असे म्हणताना त्यांचा गळा दाटून आला.

पिशवीत तळाशी माहितीपुस्तिका होती. तिचे प्लास्टिकचे वेष्टनही निघालेले नव्हते. असाइनमेंट कधी द्यायच्या, न दिल्यास काय होते, हे सारे तीत छापलेले होते. ताईंचे एक वर्ष गेले.

चूक कोणाची? अभ्यासकेंद्राने पहिल्याच दिवशी चार गोष्टी समजावून सांगायला हव्या होत्या, हे खरे. रांगेतल्या माणसाला 'पुस्तिकेत वाचा' म्हणून परत पाठवणे सोपे असते. आम्ही स्वतः कारकून आहोत. खिडकीच्या आतल्या माणसाचा तो कंटाळा आम्हाला ठाऊक आहे. पण नियम आपणच वाचायचा असतो, हेही तितकेच खरे. आपल्या वस्तीतून चाळीस-पंचेचाळीस वर्षांची माणसे आता कॉलेजात नाव घालू लागली आहेत. सफाई कामगार, सिक्युरिटी गार्ड, आशाताई, घरकाम करणाऱ्या भगिनी. म्हणून या विषयावर आज थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

पहिली गोष्ट. मोठ्या वयात शिकणे यात लाज नाही. परमपूज्य बाबासाहेबांचेच पाहा. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण परतण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला पोहोचले. वय २९. मागे मुंबईत माता रमाई आणि लहानगा यशवंत. संसार पाठीशी असलेला, नोकरी करून आलेला विद्यार्थी. म्हणजे आजच्या भाषेत प्रौढ विद्यार्थीच!

पुढे काय झाले तेही लक्षात घ्या. १९२१ साली ते एम.एस्सी. झाले. १९२२ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी.एस्सी.साठी सादर केला. परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा द्यायला सांगितले. बाबासाहेबांनी तो मुंबईत बसून नव्याने लिहिला, लंडनला पाठवला आणि १९२३ साली पदवी मिळवली. विद्यापीठाने त्यांना वेळेची सवलत दिली. अभ्यासाची सवलत दिली नाही, आणि बाबासाहेबांनी ती मागितलीही नाही. आजच्या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच.

वेळेची सवलत ही भीक नव्हे. कामकरी माणसाला शिकवायचे तर वेळ त्याच्या सोयीची हवी, हे आपल्या महापुरुषांनी आधीच ओळखले होते. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. सकाळी कॉलेज, मग कचेरी किंवा कारखाना. आपल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर असाच घडला.

आज दारे अधिक आहेत. ज्यांची दहावी-बारावी राहिली, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथे एकदा नाव घातले की पाच वर्षे आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत गेले तरी चालते. पदवीसाठी दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झाले. त्याची पुस्तके मराठीत, आपली आपण वाचून समजतील अशी असतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मध्येच थांबून पुन्हा येण्याची वाट दिली. एक वर्ष पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांस पदविका, तीन वर्षांस पदवी. मिळवलेले श्रेयांक २०२१ पासून 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षे. पोस्टाच्या पासबुकात पैसे राहावेत तसे. बाळंतपण आले, घरचे आजारपण आले, बदली झाली, म्हणून केलेला अभ्यास वाया जाण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू. दार उघडे आहे म्हणून आतला अभ्यास कमी झालेला नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला ३० टक्के आणि लेखी परीक्षेला ७० टक्के वजन असते, आणि दोन्हीकडे पास व्हावे लागते. नेहमीच्या कॉलेजात ७५ टक्के हजेरीचा नियम असतो. नोकरी आहे हे कारण सांगून तो आपोआप सुटत नाही. म्हणून प्रवेशापूर्वी स्वतःलाच विचारा, आपली पाळी कोणती, वर्ग किती वाजता, रविवार मोकळा मिळतो का? जमत नसेल तर नेहमीच्या कॉलेजचा हट्ट धरू नका, मुक्त विद्यापीठात जा. पण नाव एकीकडे, हजेरी शून्य आणि शेवटी साहेबांच्या हातापाया पडायचे, हे करू नका. हातापाया पडण्याची सवय आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडून आलो आहोत.

आणखी एक दुखणे सांगायलाच हवे. कॉलेजच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानांत तयार असाइनमेंट विकत मिळतात. आमच्या ओळखीचा एक तरुण हसत म्हणाला, "काका, नोकरीवाल्याला एवढं चालतं." आम्ही त्याला विचारले, "बाबा, उद्या मुलाखतीत त्याच धड्यावर प्रश्न आला तर झेरॉक्सवाल्याला सोबत नेणार का?" तो गप्प झाला. आपल्या पदवीकडे आधीच संशयाने पाहणारे लोक आहेत. त्यांच्या हाती आपणच कोलीत का द्यावे? दोन पानेच लिहा, मोडक्यातोडक्या वाक्यांत लिहा, पण स्वतःच्या डोक्याने लिहा. तसेच 'एका वर्षात पदवी, परीक्षा नाही' अशा जाहिराती करणारे एजंट दिसले तर लांब राहा. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो. ती पाहा, मग पैसे द्या.

धम्मात चुळपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावाने त्याला संघातून जायला सांगितले. भगवंतांनी त्याला स्वच्छ कापड दिले, ते हाताने चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले आणि त्यातून त्याला अनित्यता उमगली, तो अर्हत झाला. भगवंतांनी त्याच्यासाठी शिकवण्याची रीत बदलली. त्याचे अर्हतपद मात्र इतरांपेक्षा कमी प्रतीचे नव्हते. प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या गुरुजनांनी आणि स्वतः विद्यार्थ्यांनीही ही कथा मनात ठेवावी.

आता कागदांविषयी, कारण आपली माणसे अभ्यासापेक्षा कागदांत जास्त अडतात. शिक्षणात खंड पडला असेल तर कॉलेज गॅप सर्टिफिकेट मागते, म्हणजे मधल्या काळात काय केले याचे प्रतिज्ञापत्र. ते आधीच करून ठेवा. भगिनींची मोठी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारकार्डावर सासरचे. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल जवळ असला की हा घोळ मिटतो. जातीचा दाखला वडिलांकडच्या कागदांवरून निघतो, लग्नामुळे जात बदलत नाही. म्हणून माहेरी गेल्यावर वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला शोधून आणा. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. तो हक्क झगडून मिळाला आहे, कपाटात पडू देऊ नका. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करायचे. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही, हे प्रवेश घेतानाच विचारा. सरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीत असाल तर प्रवेशापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या.

आणि काहीही मागायचे तर लेखी मागा. आजारी पडलात, पाळी बदलली, परीक्षेच्या दिवशी घरात मयत झाले, तर त्याच आठवड्यात अर्ज करा, पुरावा जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. तोंडी विनंती खिडकीवरच विरून जाते. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला मात्र कधी ना कधी उत्तर द्यावे लागते. हे आम्ही इतकी वर्षे टेबलामागे बसून शिकलो.

कॉलेजांकडूनही आपण काही अपेक्षा धराव्यात. कचेरीची खिडकी आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा रविवारी उघडी असावी. तारखा मराठीत, मोठ्या अक्षरांत लावाव्यात. हे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण ते मागण्यासाठी आपली असाइनमेंट वेळेवर गेलेली हवी.

घरच्यांनाही दोन शब्द. आई शिकते आहे म्हणून अभिमानाने सांगणारे नवरे आम्ही पाहतो. पण परीक्षेच्या आदल्या रात्री भाकऱ्या कोण थापतो? ते काम महिनाभर बाप-लेकांनी उचलले तर तीच खरी मदत. आणि आपली विहारे संध्याकाळी आठ ते दहा अभ्यासासाठी उघडी ठेवायला काय हरकत आहे? एक ट्यूबलाइट, चार सतरंज्या आणि भिंतीवर परीक्षांच्या तारखांचा फळा. खर्च फारसा नाही.

त्या ताईंचे पुढे काय झाले? त्याच रात्री आम्ही विहारात बसून पुस्तिकेचे वेष्टन काढले. राहिलेल्या असाइनमेंट पुढच्या सत्रात देता येतात, लेखी परीक्षेचे गुण कायम राहतात, असा नियम त्याच पुस्तिकेत निघाला. ताईंनी वहीत तारखा उतरवून घेतल्या. परवा भेटल्या तेव्हा पहिल्या विषयाची असाइनमेंट लिहून झाली होती. अक्षर वेडेवाकडे, दोन ठिकाणी खाडाखोड, मार्जिनमध्ये धाकट्याने काढलेले फूल. आम्ही म्हटले, "ताई, तेवढे फूल सोडून बाकी उत्तम आहे." त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, पान पुन्हा लिहिते."

पुन्हा लिहिण्याची ही तयारी ज्याच्याकडे आहे, त्याला वयाची अडचण नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!