गळका व्हॉल्व्ह आणि अर्धवट काटकसर

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिनाच्या गोष्टी आम्ही का सांगाव्यात, असे वाचक विचारतील. पण मेळघाटचे बाजार करणारे आमचे कितीतरी बांधव मोटारसायकलवर गठ्ठे बांधूनच निघतात. परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत सुमारे सातशे मीटरचा चढ आहे. घाटात गाडीने दम सोडला की त्या दिवसाचा बाजार बुडतो. वर मिस्त्री पिस्टन, रिंग, बोअर असा सगळाच खर्च सांगतो. पुष्कळदा दुखणे फक्त व्हॉल्व्हचे असते.

मागील हिवाळ्यात हा हिशोब आमच्या घरातच आला. भाच्याने मोटोक्रॉस शर्यतीची एक जुनी विदेशी गाडी आणली. (रस्त्यावर ती चालवता येत नाही; शेतात पळवतो.) महिनाभरात ती किक मारून पाय दुखले तरी सुरू होईना. व्हॉल्व्ह टायटॅनियमचे. एका मिस्त्रीने साध्या गाडीप्रमाणे पेस्ट लावून ते घासून दिले. आठ दिवसांत गाडी पुन्हा उभी.

कसूर मिस्त्रीच्या हाताचा नव्हता, माहितीचा होता. टायटॅनियमचे वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडेच जास्त असते, म्हणून शर्यतीचे इंजिन फार वेगाने फिरू शकते. पण हा धातू घासला की लवकर झिजतो, म्हणून त्यावर कठीण पण अतिशय पातळ मुलामा देतात. पेस्टने तो मुलामाच निघून जातो. मग व्हॉल्व्ह झिजून आत रुततो, टॅपेटची फट कमी होते आणि शेवटी तो पूर्ण बसतच नाही. पातळ शिम टाकून फट एकदा जुळवता येते. थोड्याच दिवसांत ती पुन्हा कमी झाली, तर व्हॉल्व्ह संपला असे समजावे. शिमवर शिम बदलणे म्हणजे फाटलेल्या थानाला इस्त्री करणे.

स्वस्त मार्ग आहे. अशा पुष्कळ इंजिनांसाठी स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह मिळतात. ते जड, म्हणून त्यांच्या जोडीची स्प्रिंगही घ्यावी लागते. शिवाय हेडमधील सीट मशीनवर नव्याने कापून घ्यावी आणि गाईड ढिले आहे का ते पाहावे. भाचा म्हणाला, "मामू, सीट जुनीच राहू द्या, पैसे वाचतील." आम्ही ऐकले नाही. काज जुने ठेवून बटन बदलल्याने सदरा नीट बसत नाही. एअर फिल्टरही पाहिला, तर एका बाजूने फाटलेला! शेतातील धूळ तेथूनच आत जात होती. सारा खर्च त्या फोमच्या तुकड्याने करविला.

आता आपल्या रोजच्या गाड्या. त्यांचे व्हॉल्व्ह पोलादाचे असतात. हलका डाग असेल तर पेस्टने घासून चालते. मात्र पेस्टचा कण न् कण धुऊन काढावा. हेड उघडण्याआधी एक तपासणी करून घ्या. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी पिस्टन वर आणावा, गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबावा आणि प्लगच्या छिद्रातून जोडणी लावून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा बेताने सोडावी. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक गळतो, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून जोरात आली तरच रिंगची गोष्ट काढावी.

आमचे खरे भांडण मात्र ग्राहकाशी आहे, म्हणजे स्वतःशीच. टॅपेटचा जरा आवाज झाला की आपण म्हणतो, "उस्ताद, हा आवाज बंद करा." तो फट आवळतो, आवाज बंद होतो, आपण खूश. पण फट उरली नाही की तापलेला व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि कडा जळते. ही फट थंड इंजिनावरच मोजायची असते. आणि आपण बाजाराच्या सकाळी तापलेली गाडी नेऊन त्याच्या डोक्यावर उभे राहतो! गाडी आदल्या रात्री ठेवावी, मजुरी घासाघीस न करता द्यावी.

मिस्त्री बांधवांनाही एक विनंती. बदललेला व्हॉल्व्ह ग्राहकाच्या हातात द्यावा आणि तो कोठे झिजला ते दाखवावे. भाच्याच्या गाडीचे जुने व्हॉल्व्ह आमच्या गल्ल्यात ठेवले आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी दुकानावर यावे.